काटे हरवलेला स्पंज

मित्रांनो, संग्रहालयाच्या तिसऱ्या कपाटात, खेकड्याच्या शेजारी, बोटाएवढा फिकट ऐवज दिसतो ना, तो मी. मी एक जुना समुद्री स्पंज आहे. मला तोंड नाही, पोट नाही, मेंदूही नाही, त्यामुळे डोकेदुखीचा प्रश्नच आला नाही. अंगभर बारीक छिद्रे. त्यांतून पाणी आत घ्यायचे, खाण्याजोगे गाळून ठेवायचे आणि वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर सोडायचे. आमच्या घराण्याने कोट्यवधी वर्षे एवढेच केले. माणसे बराच काळ आम्हाला झाडेच समजत होती. आम्ही वाद घातला नाही.

आमची जात अंगातल्या सूक्ष्म काट्यांवरून ठरते. कुणाचे काटे चुन्याचे, कुणाचे काचेसारखे, तर कुणाला काटे नसून नुसते लवचिक धागे असतात. माझे काटे चुन्याचे, तीन टोकांचे होते.

एका पाणबुड्याने मला बंदराच्या भिंतीवरून शिंपल्यासकट खरवडून काढले. इथले भांडार सांभाळणाऱ्या काकांनी मला स्पिरिटच्या बरणीत ठेवले. काका मोठे टापटिपीचे, बरणी अर्धी झालेली त्यांना बघवत नसे. एकदा स्पिरिट संपले, तेव्हा त्यांनी मासे टिकवण्यासाठी आणलेले फॉर्मलिन माझ्यावर ओतले. वर्षभराने स्पिरिट आले, तसे पुन्हा ते भरले. बरणीवरच्या चिठ्ठीवर यातले एक अक्षरही चढले नाही. फॉर्मलिनमध्ये आम्ल असते आणि आम्ल चुना खाते. माझे काटे गुपचूप विरघळून गेले.

पुढे बाई आल्या. त्या स्पंजांच्या अभ्यासक. माझा तुकडा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काटे नाहीत, धागेही नाहीत! बाई हरखून गेल्या. त्यांनी माझ्यासाठी वंशवृक्षावर वेगळी फांदी काढली. बारा वर्षे त्यांनी त्या फांदीवर पुस्तक लिहिले. शाळेच्या सहली माझ्यापुढे थांबू लागल्या. मलाही ते आवडत होते, खोटे कशाला बोलू?

पुस्तक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी फोटोसाठी मला बाहेर काढले. माझे बूड शिंपल्यावरून सुटले. शिंपला कागदासारखा पातळ झाला होता, बाईंच्या चिमटीतच त्याचा चुरा झाला. शिंपलाही चुन्याचाच, त्याला आम्लाने खाल्ले असणार, हे बाईंनी ओळखले.

"काका, या बरणीत कधी दुसरं काही घातलं होतं का?"

"स्पिरिट नव्हतं तेव्हा फॉर्मलिन घातलं होतं, बाई. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. का? काही बिघडलं का?"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी सगळे सांगितले, तेव्हा काकांचा चेहरा पडला.

"मी कुठे बोलणार नाही," काका हळूच म्हणाले. "बारा वर्षं घातलीत तुम्ही. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, काका."

त्यांनी छापखान्याला फोन करून पुस्तक थांबवले. मग रडल्या. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि शेजारी उभे राहिले.

मित्रांनो, बरणीत काय घालता ते चिठ्ठीवर लिहीत जा. तुमच्या दृष्टीने ती किरकोळ गोष्ट असेल, पण माझी सगळी ओळख त्यात गेली. आता सहली माझ्यापुढे थांबत नाहीत. माझी फांदी पुसली गेली आणि जुनी जागाही परत मिळाली नाही, कारण पुराव्याला काटेच उरले नाहीत. नवी चिठ्ठी मात्र बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे:

'जात माहीत नाही. काटे असावेत. ते आमच्या हातून गेले.'

खाली दोन सह्या आहेत. दुसरी काकांची.