मांडवावरची चप्पल

"बोट मोड वं! मोड आधी! कोहळं सडते!"

हा आवाज जिजाबाईंच्या आईचा. आवाजाची धनीण जाऊन जमाना लोटला, माहेरच्या त्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला लागून आता दुसऱ्याचीच कपाशी उभी राहते, पण आवाज तेवढा मागं राहिला. सात-आठ वर्षांची पोर, वेलावर लिंबाएवढं धरलेलं कोहळं, कौतुकानं पुढं झालेलं बोट आणि वांग्यांच्या ओळींतून आलेली ती हाक. मग आईनं जवळ बसवून शिकवलं, की कोवळ्या फळाकडं सरळ बोट करू नये. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून पेरानं दाखवावं. आणि पुन्हा निंदायला बसता बसता आपल्याच चालीत म्हणाली होती,

मांडवाच्या वेलाले वं
बोट नको दावू बाई
कवळ्या जीवाले वं
नजर सोसत नाही

जिजाबाईंनी बोट दुमडलं, ते दुमडलंच. पुढं पुढं जीभही दुमडली.

सासरच्या चिचखेडीतही ही रीत काही नवी नाही. माणूस बुडेल एवढ्या तुरीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा, यंदा कसं काय? तो शेंगांनी लगडलेली फांदी हातानं मागं सारील आणि म्हणेल, "ठीकच हाय." हरभरा गुडघ्याला लागला तरी ठीकच, गव्हानं शिवार हिरवंगार केलं तरी ठीकच. चांगल्याला चांगलं म्हटलं की ते कुणाच्या तरी कानावर जातं, असा एक धाक गावाच्या हाडात मुरलेला आहे. बाकीच्यांनी हा धाक धुऱ्यापर्यंत ठेवला. जिजाबाईंनी तो घरात आणला. मुलगा रोहित शाळेत पहिला आला तेव्हा त्या म्हणाल्या, ठीकच हाय. आयुष्यात एकदाच त्यांच्या तोंडून सुटलं होतं. नवरा, रामाजी, आजारी होते. एका सकाळी उशीला टेकून चहा पीत होते. जिजाबाई कप घेता घेता म्हणाल्या, "आज तोंडावर तेज आलं तुमच्या." दिवेलागणीला रामाजी नव्हते. त्यानंतर जिजाबाईंना कुणी काही समजवायच्या भानगडीत पडलं नाही.

या घरात दोन वर्षांपूर्वी अपेक्षा सून म्हणून आली. नागपुरातल्या सक्करदऱ्याची पोर, चौथ्या मजल्यावर वाढलेली. मातीशी ओळख कुंडीपुरती. रोहित कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागलेला, पाळ्यांची नोकरी, म्हणून हप्ताभर तिकडंच खोली करून राहायचा आणि सुटीला घरी यायचा. घरात राहिल्या दोघी. एक बोलायची, दुसरी ऐकायची.

अपेक्षानं घरामागची पडीक बाडी खोदायला घेतली तेव्हा शेजारच्या कांताबाई कुंपणावर हनुवटी टेकून म्हणाल्या होत्या, "काय पेरून राहिली वं पोरी? मोबाइल उगवन काय?" उगवला सांभार, हिरवीगार कोथिंबीर. मग मेथी, पालक, टमाटर. पोळ्यानंतर लावलेल्या वालानं आणि कोहळ्यानं दिवाळीपर्यंत मांडव झाकून टाकला. वालाला जांभळ्या शेंगांचे घोस आले, आणि मांडवाखाली कोहळी लोंबू लागली. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कोहळ्याला अपेक्षानं जुन्या ओढणीची झोळी बांधली, देठ तुटू नये म्हणून.

ती संध्याकाळी पाणी देऊन आत यायची, हात पुसायची आणि विचारायची, "पाह्यली का आई? कशी दिसून राहिली?"

"ठीकच हाय."

रोज तेच. सुनेला वाटायचं, सासू बाडीत फिरकतसुद्धा नाही. सासू फिरकायची. अपेक्षा अंघोळीला गेली की जिजाबाई मांडवाखाली जायच्या, पदराखालून हात काढायच्या, दुमडलेल्या बोटानं एकेक कोहळं मोजायच्या आणि पायांचे ठसे पायानंच पुसत परत यायच्या.

दिवाळी सरली आणि शोभाताई दारात आल्या. शोभाताई म्हणजे बचत गटाच्या अध्यक्ष. गावात काहीही व्हायचं तर आधी त्यांच्या डोक्यात होतं. यंदा जानेवारीच्या पहिल्या रविवारी गावानं हिवाळी मेळा भरवायचा होता. नागपूरहून पाहुणे येणार, शेतात हरभऱ्याचा हुळा भाजायचा, आमराईत रोडगे आणि वांग्याची भाजी, दुपारी बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, आणि बायकांसाठी परसबागेची स्पर्धा.

"मेळ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही घरोघर पाहाले येऊ," शोभाताई म्हणाल्या. "पण एक हाय. जिची बाग, तिनं बोलाचं नाही. घरातलं दुसरं माणूस सांगन. नाही त साऱ्याच आपापली टिमकी वाजवतात."

"आमच्या घरी दुसरं माणूस म्हणजे आईच," अपेक्षा म्हणाली आणि सासूकडं पाहून हसली. जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना तांदळात एकाएकी फार खडे दिसू लागले.

त्याच आठवड्यात रोहितचा फोन आला, की कारखान्याकडून क्वार्टर मिळतंय, संक्रांतीनंतर राहायला जाता येईल. आईलाही चल म्हणाला. शेत टाकून आई येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. प्रश्न अपेक्षाचा होता.

"तू येशीन न?" त्यानं विचारलं.

"पाहू," अपेक्षा म्हणाली. "बाग हाय. आईले एकटं टाकून..." आणि फोन ठेवल्यावर तिनं जिजाबाईंकडं पाहिलं. एखादा शब्द येईल म्हणून पाहिलं. राहा म्हटलं असतं तर ती राहिली असती, जा म्हटलं असतं तर गेली असती. जिजाबाई म्हणाल्या, "दूध तापव."

पाहणीच्या दिवशी पहाटे थंडी अशी होती, की कुत्री चुलीच्या राखेत झोपली होती. जिजाबाई उठल्या, कोठीमागं हात घालून एक गाठोडं काढलं. त्यात रामाजींची चप्पल होती, उजव्या पायाची. चामड्याची, अंगठ्याला तांब्याच्या तारेनं शिवलेली. डाव्या पायाची त्यांच्यासोबत गेली; ही जिजाबाईंनी ठेवून घेतली होती. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आज गावभरचे डोळे बाडीत येणार होते. लिंबू-मिरचीनं भागण्यासारखं ते काम नव्हतं. त्यांनी चपलेला काळा दोरा ओवला आणि मांडवाला, थेट मोठ्या कोहळ्याच्या वर, घट्ट बांधली. घरात यापेक्षा मोलाची राखण दुसरी नव्हती.

दहाच्या सुमाराला मंडळी आली. शोभाताई, कृषी सहायक मुग्धा मॅडम, आणि त्यांच्या मागं निम्मी आळी. कांताबाई सगळ्यांच्या पुढं. अपेक्षानं नवी साडी नेसली होती. मुग्धा मॅडम वाफ्यांतून हिंडल्या, मातीत बोट घालून ओल पाहिली, वाल मोडून वास घेतला आणि मांडवाखाली आल्या.

"बाप्पा!" कांताबाई ओरडल्या. "सुनेच्या बागेले चपलेचा हार!"

आळी हसली. हसू ओसरेस्तोवर अपेक्षा वर पाहत राहिली. ती चप्पल तिला तेव्हाच दिसली.

"बोला जिजाकाकू," शोभाताई घाईनं म्हणाल्या. "कशी हाय सुनेची बाग?"

जिजाबाईंनी समोर पाहिलं. केवढे डोळे! पदराखाली त्यांचं बोट आपसूक दुमडलं.

"ठीकच हाय."

"ठीक म्हणजे?" मुग्धा मॅडमनी विचारलं.

"म्हणजे... वालावर मावा हाय. कोपऱ्यातली मेथी विरळ हाय." मंडळींचे डोळे बागेवरून हलेनात, तशी जिजाबाईंनी आणखी नावं ठेवली. "कोहळं दिसते मोठं, पण आतून कसं निंगते कोणाले माहीत. शहरातली पोरगी हाय, तिले काय समजते."

मंडळी पुढच्या घरी गेली. मावा वालावर खरंच होता, दोन पानांवर. तो शोधून काढायला जिजाबाईंना चार सकाळी लागल्या होत्या.

अपेक्षा तडक आत गेली. स्टूल आणलं, दोरा तोडला आणि चप्पल उकिरड्यावर फेकली. मग ओसरीत बसून फोन लावला, आवाज जराही न दाबता. "सोमवारी गाडी घेऊन ये. नाही, मेळ्याले नाही थांबत. क्वार्टर मिळेपर्यंत तुझ्या खोलीवर राहू. बाग? बागेत काय हाय? मावा हाय."

दुसऱ्या दिवशी रविवार उजाडला; मेळा पुढच्या रविवारी होता. बॅग भरून दाराशी आली. आमराईत मेळ्यासाठी गवत काढणं चाललं होतं, पटाच्या दाणीवर, शर्यतीच्या धावपट्टीवर, कुणीतरी बैल फिरवून पाहत होतं, त्यांच्या घुंगरांचा आवाज घरापर्यंत येत होता. अपेक्षा शेवटचं पाणी द्यायला म्हणून बाडीत गेली. पाहते तो जिजाबाई स्टुलावर उभ्या. चप्पल धुतलेली, पुसलेली. हात मांडवाच्या बल्लीवर, तोंडात काळा दोरा.

अपेक्षानं पाइप खाली टाकला.

"पुन्हा बांधून राहिल्या? काल हसून गेले न लोक? पोट नाही भरलं?"

जिजाबाईंनी तोंडातला दोरा काढला. "लोकाईसाठी नाही बांधत."

"मग काहून? एवढी वाईट हाय माझी बाग?"

"वाईट?" जिजाबाई स्टुलावरून उतरल्या. उतरताना सुनेचा हात त्यांनी धरला नाही आणि सुनेनंही पुढं केला नाही. "तू सक्करदऱ्याची. तुमच्याकडून उमरेड रोडनं टरक जातात न?"

"जातात. त्याचं काय?"

"मांगं चप्पल बांधली असते?"

"असते."

"कोणत्या टरकाले? नव्या, का भंगारातल्या?"

पाइपमधून पाणी वाहत होतं, मेथीच्या वाफ्यात डबकं झालं होतं. कुणी वाकलं नाही.

"नव्या," अपेक्षा म्हणाली.

"हं. भंगाराले कोण बांधते वं." जिजाबाईंनी चप्पल तिच्यापुढं धरली. "अन् कोणाची हाय, हे पाह्य बरं नीट."

अंगठ्याला तांब्याची तार. बैठकीत रामाजींचा खुर्चीवर बसलेला फोटो आहे. दोन वर्षं रोज सकाळी त्याची धूळ अपेक्षाच पुसत होती. त्या फोटोतले पाय तिला आठवले. तिनं चप्पल हातात घेतली, आणि उकिरड्याकडं एकदा पाहिलं.

"बाबांची?"

जिजाबाईंनी मान हलवली.

"मग तोंडानं सांगता नव्हतं येत?" तिचा आवाज चिरकला. "दोन वर्षं विचारून राहिली मी. एक शब्द, आई. एक."

"भेव वाटते."

"कशाचं?"

उत्तर फार मागं, परक्याच्या कपाशीत उभं होतं आणि तिथून ओरडत होतं. मोड वं, मोड आधी. जिजाबाईंनी ते ऐकलं. मग पदराखालून उजवा हात बाहेर काढला. बोट इतक्या वर्षांच्या सवयीनं आखडलेलं. डाव्या हातानं धरून सरळ करावं लागलं. ते ओढणीच्या झोळीतल्या कोहळ्याकडं गेलं, तिथून वालाच्या घोसांकडं, मेथीकडं, आणि फिरत फिरत अपेक्षावर येऊन थांबलं.

"भल्ली साजरी हाय वं तुयी बाडी," जिजाबाई म्हणाल्या. "अन् तू बी. तू गेली त मले करमणार नाही."