एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क

ती प्रोग्रॅमर. मोडीत निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम सांभाळणं हे तिचं काम. प्रोग्रॅम तसा गुणी, पण नको इतका भिडस्त. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क जोडल्या तरी हूं की चूं करायचा नाही. सुरू होताना जी आधी हजर होईल तिला आत घ्यायचा, दुसरीला गुपचूप बाहेर ठेवायचा. आणि असं व्हायचंच. नवी डिस्क जोडताना सेटिंगच्या फायलीत जुनीचीच ओळ कॉपी करायची आणि क्रमांक बदलायला विसरायचं, ही या धंद्यातल्या सगळ्यांचीच खोड.

शेवटी वैतागून तिनं तपासणी लिहिली: तोच क्रमांक पुन्हा दिसला की थांबायचं आणि तसं तोंडावर सांगायचं. चाचणी म्हणून ऑफिसातल्या सेटिंगच्या साऱ्या जुन्या फायली त्या तपासणीतून काढल्या. बाकीच्या सुरळीत गेल्या. काकांच्या फायलीवर तपासणी अडली.

तिनं फाईल उघडून पाहिली: एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क.

काका ऑफिसातले सगळ्यांत ज्येष्ठ. गेल्या वर्षी त्यांचं काम गायब व्हायला लागलं. "अगं, कालच साठवलं होतं मी!" ते शपथेवर सांगायचे. उघडून पाहावं तर काही नाही, आणि कधीतरी तेच काम पुन्हा जागच्या जागी. लोक गालातल्या गालात हसायचे. तीही म्हणाली होती, "काका, विसरलात तुम्ही." होता होता त्यांनाही ते पटलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

तिनं तडक काकांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं: काम एका डिस्कवर साठायचं आणि पुढच्या वेळी कधीकधी दुसरीच डिस्क आत यायची.

"म्हणजे मी साठवलं होतं."

"हो काका, दर वेळी. चूक आपल्या प्रोग्रॅमची होती."

"नातीला घेऊन एकट्याला बागेत जाऊ देत नाहीत गं मला. कुठेतरी विसरून येईन म्हणतात. तू हे माझ्या मुलीला सांग. तुझं ऐकेल ती."

मुलगी फोनवर आली. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगताना प्रोग्रॅमरला आपलंच बोलणं सारवासारवीसारखं वाटायला लागलं. मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं, मग आवाज खाली आणला.

"ताई, तुमचा जीव आहे त्यांच्यावर, कळतं मला. पण असं काहीतरी रचून त्यांना उभारी देऊ नका. नंतर सावरायला आम्हालाच जड जातं."

"अहो, रचलेलं नाही हे, खरंच..."

मागून काकांचा अधीर आवाज आला. "काय गं? पटलं ना तुला?"

"हो हो बाबा, पटलं," मुलगी म्हणाली. लहान मुलाची समजूत काढतात तशा आवाजात. आणि तिनं फोन ठेवला.