इस्त्रीच्या टेबलांमागचं मशीन

मास्तरांना लपवाछपवी कधी जमली नाही. बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाच्या कापडातून आपल्या पोराची चड्डी काढतात म्हणे. मास्तर चिंध्यासुद्धा पुडीत बांधून परत द्यायचे. गिऱ्हाईक ती पुडी कोपऱ्यावर टाकून जायचं, ते वेगळं. पण असा सरळ माणूस वाकडं वागायला गेला की हात दाखवून अवलक्षण करून घेतो. मास्तरांनी मागच्या आठवड्यात तेच करून ठेवलं होतं.

झालं होतं असं. डॉक्टरांनी त्यांचा गुडघा दाबून पाहिला आणि पायाने चालवायचं शिलाई मशीन बंद करा म्हणून सांगितलं. विजेवरचं घ्या, नाहीतर दुसरा धंदा बघा. या वयात दुसरा धंदा कुठला बघायचा? मास्तर चौकातल्या मोठ्या दुकानात गेले. तिथे त्यांना परवडेल असं एकच मशीन उरलेलं, आणि पैसे हातात यायला अजून आठवडा होता. तोवर दुसऱ्या कुणी उचललं तर? मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मशीन, त्याला अडकवलेल्या किमतीच्या कार्डासकट, इस्त्रीच्या टेबलांमागे सरकवून दिलं. पुढे दोन टेबलं आडवी लावली आणि त्या गावचेच नसल्यासारखे बाहेर पडले.

आज ते पैसे घेऊन आले. तेही मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत, कारण त्यांची भाची ठकू याच दुकानात मांडणीच्या कामाला होती. आई गेल्यापासून ती मामाकडेच वाढलेली. मामाला टेबलांमागे रांगताना तिने पाहिलं असतं, तर घरात महिनाभर पुरेल एवढी चेष्टा झाली असती.

मशीन होतं तिथेच होतं. मास्तरांनी ते ओढून काढलं, छातीशी धरलं आणि काउंटरवर नेऊन ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने मशीनच्या बुडाशी लाल दिवा धरला आणि पडद्यावर भलताच आकडा उमटला.

"भाव वाढलाय काका," ती म्हणाली.

"पण कार्डावर तर हा लिहिलाय."

"कार्ड जुनं दिसतंय."

"मग जुनं कार्ड काय मी लावलं?" मास्तर जरा चढ्या आवाजात बोलून गेले आणि लगेच गप्प झाले. लावलं त्यांनी नव्हतं, हे खरंच होतं. पण चोराच्या मनात चांदणं, त्यांचे कान तापले.

त्यांच्या मागे रांगेत एक निवृत्त तिकीट तपासनीस उभे होते. दुसऱ्याची चूक पकडल्याशिवाय या गृहस्थांना अजूनही जेवण जात नसावं. त्यांनी काउंटरमागच्या पाटीकडे बोट केलं. "मोठ्याने वाचा. 'वस्तूवर लावलेली किंमतच घेतली जाईल.' तुमच्याच मालकाची पाटी ना? मग वाद कसला?"

"अगदी बरोबर," ट्रॉलीवाल्या एक बाई पुढे सरकल्या. "मागे साबणाला मला असंच फसवलं. मी मेली गप्प बसले. काका, तुम्ही बसू नका. हक्क आहे तुमचा."

"तसं नसतं हो," पाण्याचा कॅन खांद्यावर घेतलेला एक जण म्हणाला. "कार्ड म्हणजे नुसती माहिती. सौदा होतो काउंटरवर. माझा मेव्हणा वकील आहे."

तपासनीस म्हणाले, मेव्हण्याला इथे बोलवा. बाई म्हणाल्या, मग कार्डं लावता कशाला, शोभेला? मास्तरांची गंमत अशी झाली की जो बोलेल त्याचं त्यांना पटत होतं. हक्क आपला आहे असं ऐकलं की छाती फुगायची आणि इस्त्रीची टेबलं आठवली की पुन्हा बसायची. असल्या माणसाने भांडायला उभंच राहू नये.

एवढ्यात मॅनेजर आला. शांत माणूस, बोलताना शर्टाच्या बाह्या नीट करण्याची सवय. त्याने कार्ड पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"पाटी आमचीच आहे. कार्डावरच्या भावाने मशीन मिळेल," तो म्हणाला. बाईंनी चक्क टाळी वाजवली. "पण हे कार्ड राहिलं कसं, ते मला बघायला पाहिजे. सोमवारी दुकान उघडायच्या आधी सगळी कार्डं बदलली. ज्या मुलीकडे ते काम आहे, तिला बोलवा."

आणि ओले हात रुमालाला पुसत ठकू आली.

ठकू दुकानात फळ्या लावते एवढंच मास्तरांना माहीत होतं. कार्डं तीच बदलते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं.

"परवाच मी मालकांना कळवलं," मॅनेजर तिला म्हणाला. "हिच्या कामात चूक नाही, हिला कायम करा. या महिन्यात पत्र येणार होतं तुझं. आता मालकांना काय सांगू? आणि भावातला फरक कुणाच्या नावावर टाकू?"

ठकूने मशीनकडे पाहिलं. मग मामाकडे, मग मामाच्या पँटच्या गुडघ्यांवर लागलेल्या धुळीकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग सगळंच आलं.

"चूक माझी आहे साहेब," ती म्हणाली. "कार्ड बदलायचं राहिलं. त्यांना मशीन देऊन टाका."

मास्तरांना काही सुधरेना. हक्क आपला, उद्योग आपला आणि शिक्षा पोरीला, हा कुठला न्याय? ते घाईघाईने म्हणाले, "मला मशीन नकोच. राहू द्या."

"नको म्हणजे?" तपासनीस उखडले. "आज तुम्ही माघार घेतलीत की उद्या हे आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसणार!"

"घाबरता कशाला काका? आम्ही आहोत ना," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही घेतलं नाहीत तरी कार्ड जुनं होतं ते होतंच," मॅनेजर म्हणाला. "तिची चूक त्याने पुसली जात नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. मशीन घेतलं तरी पोरगी बुडते, सोडलं तरी बुडते, आणि मागे ही उभी फौज काठावरून जोर देतेय. मास्तरांनी ठकूकडे पाहिलं. तिने मान अगदी थोडी हलवली. गप्प बसा, असं ती सांगत होती. अशीच मान ती लहानपणी ताप असताना, शाळेत जायचंच म्हणून हट्टाने हलवायची. मास्तरांना राहवलं नाही.

"साहेब, ते मशीन मी लपवलं होतं."

लाल दिवा धरलेली मुलगी तशीच थांबली.

"मागच्या आठवड्यात. इस्त्रीच्या टेबलांच्या मागे. पैसे नव्हते आणि दुसऱ्या कुणी नेईल अशी भीती वाटली. कार्ड त्यालाच अडकवलेलं राहिलं. भाव वाढेल हे कुठे मला माहीत होतं! त्या पोरीला ते दिसलंच नसणार, तर बदलणार कसं?"

"म्हणजे विनातिकीट!" तपासनीस उद्गारले आणि त्यांनी चटकन रांग बदलली. कॅनवाल्याला आता मेव्हण्याचं मतही पुरेना. ट्रॉलीवाल्या बाई मात्र खाली बघत पुटपुटल्या, "मीसुद्धा एकदा पडद्याचं कापड असंच..." आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मॅनेजरने दोन्ही बाह्या नीट केल्या, पुन्हा केल्या. "मग तू चूक का कबूल केलीस?" त्याने ठकूला विचारलं.

"जागा रिकामी दिसली, मी विकलं गेलं असं धरलं. काउंटरवर विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. तेवढी चूक माझी आहेच. आणि हे माझे मामा आहेत."

मॅनेजर काउंटरपाशी ठेवलेल्या स्टुलावर बसला. मशीन दुकानातच होतं, म्हणजे मांडलेलं होतं का? कार्ड होतं, पण कुणाला दिसत नव्हतं, तर ते लावलेलं म्हणायचं का? त्याने पाटी पुन्हा वाचली. पाटी लिहिणाऱ्याने टेबलांमागच्या भानगडींचा विचार केलेला नव्हता.

"असं करू," तो शेवटी म्हणाला. "कार्ड तुम्ही दडवलंत, तेव्हा त्याच्यावरच्या भावावर तुमचा हक्क नाही. आणि दडवलेलं कार्ड बदललं नाही म्हणून हिला बोल लावता येत नाही. मी मालकांना जे कळवलंय ते तसंच राहील. पण रिकामी जागा दिसली की आधी विचारायचं, समजलं?" मग त्याने आजूबाजूला पाहिलं. "बरोबर आहे ना?"

बरोबर होतं की नव्हतं, हे तिथे कुणालाही कळलं नव्हतं. नव्या भावाने मशीन घेणं मास्तरांच्या आवाक्यात नव्हतं, ते मात्र त्यांना न विचारताच कळत होतं.

ठकूने मशीन उचललं आणि फळीकडे निघाली. मास्तर गुडघा सांभाळत तिच्यामागून गेले. मधली एक रांग ओलांडून ती एकदम वळली. तिचे डोळे भरले होते.

"काय गरज होती मामा? माझं पत्र पुढच्या वर्षी आलं असतं. तुमचा गुडघा कोण आणून देणार आहे? हक्क होता तुमचा!"

"होता की नव्हता, ते मला अजून कळलेलं नाही, ठके. तुझ्या साहेबांनाही कळलेलं नाही. तुझं पत्र हातचं जाईल, एवढंच मला कळत होतं."

तिने रुमालाने नाक पुसलं. मशीन फळीवर ठेवलं, जुनं कार्ड काढलं आणि खिशातल्या गठ्ठ्यातून नवं काढून लावलं. मास्तरांनी तो आकडा वाचला आणि हळूच विचारलं, "पुढच्या वेळी खाली येईल का गं?"

"ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं नसतं मामा."

"अगं, मी काय गिऱ्हाईक आहे?"

"म्हणून तर अजिबातच नाही सांगणार," ठकू म्हणाली, आणि तिने मशीन दोन्ही हातांनी ओढून फळीच्या अगदी पुढच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं नीट मांडलं.