मोहघाट नावाचं गाव नाही

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. जुना म्हणजे वायरचा. तुमच्यापैकी काहींनी मला फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं असेल, आणि काही जण मला चार्जिंगची पिन कुठे लागते ते शोधतील. मला चार्जिंग लागत नाही. मला फक्त पलीकडे कोणीतरी लागतं.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका सरकारी कारखान्यात झाला. माझा रंग राखाडी. तो बहुधा एखाद्या समितीने ठरवला असावा, कारण कोणालाच आवडू नये आणि कोणालाच खटकू नये असा तो आहे. तिथून मी खोक्यात बसून भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत आलो. साहेबांनी मला हार घातला. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा सगळी कचेरी उभी राहिली. तो चुकीचा नंबर होता, पण तरी उभी राहिली.

ते माझे चांगले दिवस होते. वैनगंगा फुगली की वरच्या अंगाकडून माझ्यावर निरोप यायचा आणि इथून माणसं गावोगाव धावायची. माझ्यामुळे लोक वाचले असं मी म्हणणार नाही. लोक पळाले म्हणून वाचले. कधी पळायचं, तेवढं मी सांगायचो.

मग गोसीखुर्दच्या धरणात पाणी अडू लागलं. तेव्हा माझ्यावरून वेगळीच बोलणी व्हायची.

"गाव खाली झालं?"

"झालं साहेब."

एवढंच. पुढच्या दिवशी दुसऱ्या गावाचं नाव, आणि तेच दोन शब्द. त्यातलंच एक गाव मोहघाट. नदीच्या काठावर, ढिवरांची वस्ती, मासोळीवर जगणारी माणसं. ती माणसं पुढे कुठे गेली, कशी आहेत, हे विचारणारा फोन येईल म्हणून मी वाट पाहिली. वाट पाहणं हेच आमचं मुख्य काम, वाजणं अधूनमधून. तो फोन आला नाही.

पुढे मोबाइल आले. अव्वल कारकून पुंडलिकराव माझ्या डोक्यावर आपला डबा ठेवू लागले, कारण मी सपाट होतो आणि तक्रार करत नव्हतो. दर पावसाळ्याच्या तोंडावर पूर नियंत्रणाच्या नावाने मला ओल्या फडक्याने पुसायचे, "हॅलो, हॅलो, चालू आहे" असं कोणाशीही न बोलता बोलायचे आणि परत डबा ठेवायचे. पुंडलिकराव वाईट माणूस नव्हते. एकोडीचे, घरची धानशेती. धानाचं बोलणं निघालं की अख्खी कचेरी पोटभर ऐकायची. मात्र खुर्चीत बसले की जे संगणकाच्या पडद्यावर दिसेल तेच त्यांना दिसायचं.

आणि मग समुद्रापलीकडे एक युद्ध सुरू झालं.

तिकडे आपली पुष्कळ माणसं कामाला होती. सरकारने ठरवलं, धोक्यातून काढलेल्या प्रत्येक माणसाचा माग ठेवायचा. कोणत्या बसने निघाला, कोणत्या छावणीत थांबला, कोणत्या विमानात बसला, आणि शेवटी आपल्या दारात पोचला की नाही. कल्पना चांगली होती, मित्रांनो. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. प्रत्येक तालुक्याला मदत कक्ष उघडायचा हुकूम आला, आणि हुकुमात लिहिलं होतं की कक्षात वायरचा टेलिफोन हवा. पुंडलिकरावांनी डबा उचलला. माझा फोटो पेपरात आला. खाली छापलं होतं, 'यंत्रणा सज्ज.' यंत्रणा म्हणजे मी आणि समोरचा एक बाक.

त्या बाकावर पहिल्या दिवसापासून शकुनबाई येऊन बसली.

तिचा मुलगा विक्की त्या देशात मासेमारीच्या बोटीवर होता. धरणाच्या पाण्यात जाळं टाकणारा पोट्टा समुद्रातही टाकेल, असं एका एजंटाने सांगितलं, आणि त्यात तरी तो खोटं बोलला नव्हता. पासपोर्ट बोटमालकाच्या कपाटात राहिला. बंदरावर बॉम्ब पडले त्या दिवशी विक्कीचा मोबाइल पाण्यात गेला. पुढे दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून आईला एकच निरोप आला, की गाडीतून शेजारच्या देशातल्या छावणीत नेऊन राहिले. त्यानंतर काही नाही.

"या, मोहघाटवाल्या बाई, या," पुंडलिकराव म्हणायचे. "आज लवकर?"

"लवकर कायची जी. मासोया इकून आली. काही आलं का?"

"येईल. दिल्लीवाले करून राहिले काम."

"थो फोन वाजते तरी का? का असाच ठेवला हाय शोभेले?"

"वाजते ना बाई. तुम्ही बसा तं."

ती बसायची आणि बोलायची. पुंडलिकराव हं हं म्हणायचे, मी ऐकायचो. तिच्याकडून मला कळलं की मोहघाटची माणसं अड्याळकडच्या माळावर नेऊन बसवली, पाट्यांवर 'मोहघाट पुनर्वसन' असं लिहिलं. पण ते नाव तिथे कोणी तोंडातून काढत नाही. पाटी वाचता येणारेही काढत नाहीत. राहतो कुठे विचारलं तर 'प्लाटवर'. गाव कोणतं विचारलं तर 'मोहघाट'. पोरांनाही तेच शिकवलं. दर आषाढात, आखाडीच्या सणाला, डोंगे घेऊन माणसं धरणाच्या पाण्यात जातात, बुडालेल्या मारोतीच्या नेमक्या जागेवर थांबतात, आणि शकुनबाईचा नवरा मनिराम तिथे पाण्यात नारळ सोडतो. तो मान त्याच्या घराचा.

"दिसते का काही तिथं?" पुंडलिकरावांनी एकदा विचारलं.

"पानी दिसते," शकुनबाई म्हणाली. "पन विक्कीच्या बापाले मालूम हाय ना, खाली कोन हाय थे."

मग अड्याळच्या बाजाराचा दिवस आला. शकुनबाई मासे घेऊन तिकडे गेली होती, आणि नेमका त्याच दिवशी मी वाजलो. दिल्लीहून एक मॅडम बोलत होत्या. आवाज थकलेला, पण सभ्य. त्यांनी माणसाचं नाव सांगितलं नाही. त्या एकामागून एक पत्ते तपासत होत्या, आणि त्यांचा प्रश्न एवढाच होता, की तुमच्या तालुक्यात मोहघाट नावाचं गाव आहे का.

पुंडलिकरावांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट फिरवलं. सरकारच्या यादीतून ते गाव पाण्याबरोबरच गेलं होतं.

"नहीं मॅडम. मोहघाट नाम का गाव नहीं है."

"पक्का?"

"एकदम पक्का."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी शकुनबाई आली, तेव्हा तेच म्हणाले, "या, मोहघाटवाल्या बाई."

माझ्यात आवाज असतो, मित्रांनो, पण तो माझा नसतो. मी काही करू शकलो नाही.

दोन-चार दिवसांनी मॅडमचा पुन्हा फोन. या वेळी नाव होतं. विक्की मनिराम मारबते. पासपोर्ट नाही, तोंडी सांगितलेलं गाव अस्तित्वात नाही, म्हणून ओळख पटत नाही, म्हणून विमानातून उतरवला. त्या छावणीतून आता एकच विमान निघणार होतं. त्यानंतर छावणी बंद. तिथे उरेल तो ज्याचा त्याचा.

पुंडलिकरावांचे कान लाल झाले. बाकावर बाई बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

शकुनबाई बाकाच्या कडेला सरकून बसली. मग म्हणाली, "तुमी मले रोज मोहघाटवाली म्हनता ना जी?"

"ते बोलण्यात, बाई. हे कामात."

"अन् मी? मी बोलन्यात हाओ का कामात?"

पुंडलिकरावांनी माझा रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. मॅडमना सांगून पाहिलं, की गाव आहे, फक्त पाण्याखाली आहे.

"पानी के नीचे मतलब क्या? है, या नहीं है?"

"मतलब... था."

"सर, मेरे पास दो ही खाने हैं. है, नहीं है."

'आहे' म्हटलं तर यादी मानत नव्हती. 'नाही' म्हटलं तर पोरगा खोटा ठरत होता. मॅडमनी मात्र वाट काढली. त्याही माणूसच होत्या. नोंदीत मुलापुढे वडिलांचं नाव, म्हणून वडिलांनीच फोनवर सांगायचं, की मोहघाट नाही, आमचं गाव मोहघाट पुनर्वसन. मग मुलाने सवयीने जुनं नाव सांगितलं असं धरून त्या पत्ता दुरुस्त करतील. विमान संध्याकाळी होतं.

मनिरामला बोलावलं. तो पाण्यातून उठून तसाच आला होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हाताला मासोळीचा वास. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं, एखादं पाखरू धरावं तसं. पुंडलिकरावांनी त्याला काय बोलायचं ते पढवलं होतं, दिल्लीचा नंबरही लावून दिला होता.

"आपका गाव?" मॅडमनी विचारलं.

"मोहघाट," मनिराम म्हणाला.

पुंडलिकरावांनी कपाळाला हात लावला. "अरे बावा, आत्ताच सांगितलं ना तुले!"

"तोंडातून निंगालं साहेब."

"पुढचं म्हण. पुनर्वसन म्हण."

मनिरामने रिसीव्हर कानाला आणखी दाबला. तारेत नुसती सरसर. पलीकडून मॅडम म्हणाल्या, जरा जल्दी, लाइन में और लोग हैं.

शकुनबाई बाकावरून उठली. "काहून थांबून राहिले? म्हना ना."

"मी कसा म्हनू वो? मीच म्हनू?"

"तुमीच. तुमी बाप हाओ." तिचा आवाज चढला नाही. "थो मारोती पान्यात बसून हाय, त्याले कुठं जाचं नाही. माह्या पोट्ट्याले याचं हाय."

मनिरामने डोळे मिटले.

"नाई हाय मॅडम," तो म्हणाला. "मोहघाट नाई हाय. आमचं गाव मोहघाट पुनर्वसन."

"मोहघाट नहीं है. कन्फर्म?"

"नाई हाय."

"थँक यू, अंकल."

त्याने रिसीव्हर पुंडलिकरावांकडे दिला आणि हात पँटला पुसले. पुसतच राहिला. मग कोणाकडे न बघता बाहेर गेला.

विक्की त्या विमानात बसला. दिल्लीत उतरला, नागपूरला पोचला, तिथून एसटीने प्लाटवर. प्रत्येक टप्प्यावर मी वाजलो. पुंडलिकराव मोठ्याने "पोचला!" म्हणायचे आणि अख्खी कचेरी हसायची. इतक्या वर्षांनी लोक पुन्हा माझ्याभोवती उभे राहिले. मला वाटलं, याच्यासाठीच मला बनवलं असेल.

शेवटचा फोन राहिला होता. माणूस घरी पोचल्याचं घरच्यांनी सांगायचं, की माग संपला. शकुनबाई आली. पिशवीत पुंडलिकरावांसाठी मासोया होत्या. त्यांनी त्या "कायले वो बाई" म्हणत टेबलाखाली सरकवल्या. रिसीव्हर तिच्या हातात दिला.

मॅडमनी विचारलं, विक्की घरी पोचला का.

"पोचला जी."

तब्येत?

"सुकला हाय. पन हाय."

घर में सब ठीक?

हा प्रश्न त्यांच्या कागदावरचाच असणार. पण शकुनबाईला तो आजवर कोणी विचारला नव्हता, म्हणून ती खरं उत्तर देऊ लागली.

"ठीक म्हनजे आता काय सांगू, मॅडम. पोट्टा आला, थे तुमचे उपकार. पन याचा बाप पान्यावर जाऊन नाही राहिला. आखाडी झाली तं डोंगा नाही काढला त्यानं. लोकं बलावाले आले तं म्हने, मी गावाले नाई म्हटलो, आता मारोतीले कोन्या तोंडानं नारळ देऊ. दुसऱ्याले नारळ देला अन् आपन भिंतीकडं तोंड करून बसला..."

तिच्या तोंडचा पहिला 'ठीक' ऐकताच मॅडमनी 'जी, धन्यवाद, केस क्लोज' म्हटलं होतं. ते शकुनबाईने ऐकलं नव्हतं, ती बोलत होती. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाजही तिला कळला नाही. आता माझ्यात नुसता लांबलचक सूर होता. तो कानात वाजत असताना ती त्याच्यावरून बोलत राहिली.

"...पोट्टा म्हनते, बाबा, मीच जातो डोंगा घेऊन. तं म्हने, नोको. तुले तं मालूमच नाही कुठं थांबाचं थे. अन् मी आता दाखवत नाही. मॅडम, तुमी मोठ्या हाओ. तुमी त्याले येकडाव सांगान का, का गाव हाय म्हनून? फोनवर सांगतलं तरी चालते. तुमचं आयकन थो."

सूर पुंडलिकरावांनाही ऐकू येत होता. माझा सूर टेबलापलीकडेही जातो. त्यांनी रिसीव्हर मागितला नाही. चष्मा काढून हातात धरला आणि ती थांबेपर्यंत खाली पाहत राहिले.

ती थांबली. मला जागेवर ठेवलं, पदराने माझ्यावरचा हाताचा ओलावा पुसला.

"सांगन म्हने का वो मॅडम?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"बोलल्या नाही काही," ती म्हणाली. "आयकून राहिल्या होत्या."

मदत कक्ष बंद झाला. बाक बाहेर व्हरांड्यात गेला. माझी वायर काढायचा कागद निघाला आहे, आणि डबा परत माझ्या डोक्यावर आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला शहाणपण सांगण्याचा अधिकार नाही. एवढंच मागतो. कोणाला 'सगळं ठीक ना?' असं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. आणि थांबायला वेळ नसेल, तर विचारू नका. त्या बाईचं बोलणं अजून माझ्या तारेत आहे. ते पुढे पाठवायला पलीकडे कोणी नाही.