कापलेला कोपरा

थोरल्याने काडी ओढली आणि बशीतल्या थेंबाजवळ नेली. थेंबाने ज्योत धरली. ती इतकी फिकट निळी होती की खिडकीच्या उजेडात दिसेना. परंतु बशीवर हात धरताच तळव्याला ऊब लागली आणि जे समजायचे ते समजले. पाणी जळत नाही. जळले ते स्पिरिट होते, आणि स्पिरिटाने पडद्यापलीकडे मुळीच यावयाचे नव्हते.

त्याने पंप बंद केला, पोलादी चौकटीचे नट सैल केले आणि आतला पडदा अलगद बाहेर काढला. भाजलेल्या हातावर यावेत तसे त्यावर फोड आले होते. तो पडदा त्याने कोपऱ्यातल्या बादलीत टाकला. बादलीत त्याच्या आधी गेलेले त्याचे भाऊबंद ओले होऊन एकमेकांना चिकटून पडले होते.

आता ट्रेमध्ये एकच उरला होता.

कारखान्यातून येणारे वापरलेले स्पिरिट कितीही उकळले तरी त्यातले शेवटचे पाणी काही सुटत नसे. दोघे एकमेकांचा हात धरूनच वाफ होत. ते पाणी वेगळे काढण्यासाठी थोरल्याने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने पॉलिमरचा पडदा सिद्ध करण्याचे मनावर घेतले होते. पडद्याच्या एका अंगाला तापवलेले मिश्रण, दुसऱ्या अंगाला पंपाची ओढ, आणि पडदा असा की त्याने पाण्याला वाट द्यावी व स्पिरिटाला दारातच अडवावे. पलीकडे आलेली वाफ बर्फात बुडवलेल्या काचेच्या नळीत थंड होऊन थेंब बनत असे. त्या थेंबात पेटती काडी धरली की निकाल हातात.

द्रावण तयार करणे हे थोरल्याचे काम. पॉलिमर विरघळवावा, गाळावा, त्यातला एकूण एक बुडबुडा निघेपर्यंत धीर धरावा. पुढचे सर्व धाकटीचे. ती काचेवर द्रावण ओती आणि पात्याने एका दमात असे ओढी की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. काच पाण्यात बुडताच द्रावणाचे पांढरे पान होई. त्याची जी बाजू पाण्याला सामोरी जाई तिच्यावर एक दाट, अतिशय नाजूक थर धरे. त्याला ती दोघे साय म्हणत. खरे काम करी ती साय. बाकीचा पडदा म्हणजे तिला बसायला दिलेला स्पंज. मात्र पान काचेवरून सुटले की दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत दिसत, आणि नखाने चाचपावे तर सायच फाटे. म्हणून लांबट तुकडा कापल्यावर, साय वर असतानाच त्याचा एक कोपरा तिरपा कापून ठेवायचा. तुकडा उभा धरून कापलेला कोपरा वर, उजव्या हाताला घेतला की तोंडासमोर येते ती साय, आणि ती नेहमी तापलेल्या मिश्रणाच्या अंगाला बसवायची. थोरला हे जुन्या नोकरीत शिकला होता आणि त्याच्या हातात ते मुरले होते.

धाकटी त्यांच्या भाड्याच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला पडदे ओढी, तीच ते चौकटीत बसवी, तीच काडी लावी. थोरला मोटारीच्या घरघरीत द्रावण ढवळत असे आणि मध्येच तिचा आवाज येई,

"दादा, विझली रे!"

एवढे ऐकले की त्याचा दिवस सार्थकी लागत असे.

मग एका सकाळी ती बेसिनपाशी कोसळली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवे अंग गेले, वाचा गेली. जीव राहिला यावरच सर्वांनी समाधान मानले. तिने मागे ठेवलेले पडदे ट्रेमध्ये ओल्या कागदांच्या घड्यांत होते. सगळे आधीच पारखलेल्या पानांतून कापलेले, सगळे चांगले, असे तिनेच सांगितले होते. थोरल्याने एक सोडून बाकीचे चौकटीत चढवले, आणि एकेक करून सगळ्यांचा थेंब जळला. त्याने स्वतः ओढून पाहिलेल्या पडद्यांत तर उजेडासमोर धरले की चांदण्यांसारखी भोके दिसत. उद्या सकाळी कारखान्याचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर थेंब पेटला तर ते दुसरीकडे जाणार, हॉल रिकामा करावा लागणार आणि भावंडांनी आयुष्य ओतलेले हे काम चौकटीसकट भंगारात जाणार, हे न सांगता ठरलेले होते.

आणि या सर्वांहून वाईट असा एक विचार गेल्या काही दिवसांपासून त्याच्या अंतःकरणात घर करून बसला होता. काडी विझलेली त्याने स्वतः कधी पाहिली होती? त्याने फक्त ऐकले होते. भावाला धीर यावा म्हणून धाकटी फुंकर तर मारत नव्हती?

फोन वाजला. बायको हॉस्पिटलमधून बोलत होती.

"अहो, येताना तिची कात्री आणा. तिथली, हॉलमधली."

"कात्री कशाला आता?"

"व्यायामाच्या बाईंनी तिला कागद कापायला दिलेत. इथली कात्री तिच्या हातात चालेना. नुसती चिडचिड करतेय."

"इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला कागद कापायचेत."

"बरं, मग तुमचा टांगलेला जीव पण घेऊन या, इथे खुंट्या आहेत," असे म्हणून बायकोने फोन ठेवला.

कात्री धाकटीच्या टेबलावर पट्टीशेजारी होती. थोरल्याने सवयीने एका कागदावर ती चालवून पाहिली. कागद कापला न जाता चघळल्यासारखा दुमडला. ही कात्री त्याच्या हातात कधीच चालली नव्हती. धार लावून आण म्हणून तो धाकटीला नेहमी बोले आणि ती हसून म्हणे, "तिला माणूस कळतो, दादा." त्याने कात्री खिशात टाकली.

वॉर्डात भेटीची वेळ सुरू झाली होती. धाकटी उशांना टेकून बसली होती. उजवा हात चादरीवर दुसऱ्या कोणाचा तरी विसरून राहिल्यासारखा पडला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने थोरल्याला खालून वर न्याहाळले.

"भाऊ का गं हा हिचा? चेहरा तर असा की यालाच भरती करून घ्यावं."

"त्यांचा चेहरा तसाच आहे, आजी," बायको म्हणाली. "लग्नातले फोटो दाखवीन तुम्हाला."

धाकटीचे अर्धे तोंड हसले. थोरल्याला मात्र हसू आले नाही. त्याने कात्री खाटेवरच्या फळीवर ठेवली आणि स्टूल ओढून बसला. येताना वाटेत त्याने स्वतःला बजावले होते की काही विचारायचे नाही. आजारी माणसाला काही विचारायचे नसते. परंतु बसल्यावर त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"सगळे जळले. एकच राहिलाय."

त्याने स्टूल खाटेच्या आणखी जवळ सरकवले.

"तू म्हणायचीस विझली, विझली. खरंच विझायची का गं? का मला बरं वाटावं म्हणून?"

"अहो!" बायको म्हणाली.

"विचारू दे मला. उद्या ते येणार आहेत. मला निदान कळू तरी दे, मी कशाच्या मागे पळतोय ते."

धाकटीच्या घशातून एक आवाज निघाला. त्याला शब्दाचे रूप आले नाही. ती पुन्हा प्रयत्न करू लागली तेव्हा मान ताठ झाली, डोळे पाण्याने भरले, आणि तोच आवाज पुन्हा तसाच बाहेर आला. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवले. थोरल्याला वाटले की आपण उठून निघून जावे आणि पुन्हा कोणाला तोंड दाखवू नये. पण त्याच्याने उठवलेही नाही.

बायकोने पदराने नणंदेचे डोळे टिपले आणि फळीवरचा कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

"सोडा तो विषय. हं, घ्या बघू तुमची कात्री. दाखवा दादाला."

कागद पाठकोरे होते. एका बाजूला कुठल्याशा तपासण्यांचे छापील रकाने, दुसरी बाजू कोरी. धाकटीने डाव्या हाताने कात्री उचलली. पाती कर्रकन उघडली. थोरल्याच्या हातात कागद चघळणारी ती कात्री तिच्या बोटांत पाण्यासारखी वाहू लागली. तिने कोरी बाजू वर असलेला एक कागद फळीच्या कडेशी मनगटाने दाबला, त्याचा एक कोपरा तिरपा उडवला आणि कागद बाजूला सारला. मग दुसरा. मग तिसरा.

"बघा," बायको म्हणाली. "बाईंनी सांगितलंय मधोमध सरळ कापा, आणि या आपल्या कोपरेच उडवतायत. काल त्या कात्रीनं पण हेच चाललं होतं. हट्टीपणात भावाची बहीण शोभते अगदी."

थोरल्याने नुसताच हाताला चाळा म्हणून त्यातला एक कागद उचलला. ज्या हाताने त्याने पडदे चौकटीत बसवले होते, त्याच हाताने, मनात काहीही नसताना, त्याने कापलेला कोपरा वर धरून उजवीकडे घेतला.

समोर छापील रकाने आले.

त्याने कागद खाली ठेवला. दुसरा उचलला. कोपरा वर, उजवीकडे. पुन्हा रकाने. मग तो कागद त्याने उलटा केला. कोरी बाजू समोर आली आणि कापलेला कोपरा डावीकडे गेला, जिकडे धाकटीची कात्री चालत होती तिकडे.

आईने लिहून दिलेली पाटी पुसून डाव्या हाताने अक्षरे गिरवणारी धाकटी, जेवताना नेहमी त्याच्या कोपराला कोपर लागणारी धाकटी, हे सारे त्याला जन्मापासून ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच त्याने ते कधी पाहिले नव्हते. तिचे पडदे तीच कापी आणि तीच बसवी. कोणता कोपरा, हे तिने त्याला सांगण्याचा प्रसंगच आला नव्हता, आणि त्याने कधी विचारले नव्हते.

धाकटीने कात्री थांबवली होती. ती त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. ती हे जाणून करत होती, की तिच्या हाताला तेवढेच एक काम आठवत होते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. परिचारिका दारातून म्हणाली, "चला, चला. उरलेलं प्रेम उद्या."

थोरला उठला. त्याने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि झपाझप निघाला. बायको पिशवी सावरत त्याच्यामागे जवळजवळ पळत आली.

हॉलमध्ये येताच त्याने बादली उपडी केली. फोड आलेले पडदे फरशीवर पसरून तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक चाचपू लागला. फोडांची बाजू समोर धरली की प्रत्येकाचा कापलेला कोपरा डावीकडे, तिच्या हाताच्या बाजूला, येत होता. पंपाने मागून ओढून ओढून प्रत्येकाची साय फाडली होती. तिने निगुतीने ओढलेले, पारखलेले, निजवून ठेवलेले सगळे पडदे त्याने आपल्या हाताने उलटे टांगून मारले होते.

"काय झालं?" बायकोने विचारले. "अहो, बोला ना काहीतरी."

"काही नाही. बर्फ आण."

शेवटचा पडदा त्याने दोन्ही तळहातांवर घेतला. हात सवयीने कोपरा उजवीकडे नेऊ लागला तेव्हा त्याने तो थांबवला. कोपरा डावीकडे. उलट्या बाजूने सदरा चढवावा तसे सर्व अंगाला चुकीचे वाटत होते. हेही चुकले असेल तर पुढे काहीच नव्हते. ना पडदा, ना हॉल, ना धाकटीच्या शब्दावर विश्वास. त्याने चौकट मिटली आणि नट आवळले.

"हे तरी चालेल ना?" बायको हळूच म्हणाली.

"नाही चाललं तर उद्या साहेबांना चहा पाजायचा आणि दारापर्यंत पोचवायचं."

पंप सुरू झाला. मिश्रण तापले. बर्फातल्या नळीच्या टोकाशी बराच वेळ काहीच दिसेना. फाटलेल्या पडद्यांतून नळी भराभर भरत असे. आता काच कोरडीच. थोरला भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. बायको नळीवरून नजर हलवत नव्हती. खिडकीतले ऊन टेबलावरून खाली उतरले तेव्हा ती म्हणाली,

"आला. एवढासा आलाय."

त्याने तो थेंब बशीत घेतला. काडी ओढायला गेला तर पहिली मोडली, दुसरीही मोडली. बायकोने त्याच्या हातून पेटी घेतली, काडी ओढली आणि तो म्हणाला तशी थेंबात धरली.

चर्र असा बारीक आवाज झाला. धुराची एक रेघ वर गेली.

"अगं बाई, विझली," ती म्हणाली. "वारा लागला वाटतं. दुसरी ओढू का?"

थोरल्याने बशीवर तळवा धरला. तो तसाच धरून राहिला. बशी थंड होती.

"नको," तो म्हणाला. "त्या सिस्टरना फोन लाव. म्हणावं, फोन तिच्या कानाशी धरा."

"अहो, तिला बोलता कुठं येतंय?"

"बोलायचं मला आहे."