तपकिरी उजेड

"तपकिरी उजेड नसतोच," वॉल्टर म्हणाले. "असता, तर तीस वर्षांत मला एकदा तरी दिसला असता ना, कॉर्लिस?"

वॉल्टर ग्रबोव्स्की आमच्या तारांगणाचे मुख्य. बफेलोत लेसरचे खेळ त्यांनीच सुरू केले. ते चालवते मी. मुलांसाठी शनिवारपासून नवा खेळ लागणार होता: पतंग उडवणाऱ्या मुलीची गोष्ट. मुलगी हिरवीगार. हिरवा रंग डोळ्याला सगळ्यात ठळक दिसतो, म्हणून आमच्या घुमटावर माणसं हिरवीच असतात.

चाचणीला मी माझ्या लेकीला, टावियाला, आणलं होतं. पाच वर्षांची आहे. "ही आजारी आहे का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाही गं, तुझ्यासारखीच आहे. तिनं आपला हात वर घुमटाकडे धरला, नीट ताडून पाहिला.

"नाहीये," म्हणाली.

त्या हाताचा तपकिरी रंग मला घुमटावर हवा होता. वॉल्टरनी दुपारी दोनपर्यंतचा वेळ दिला. नाही जमलं, तर हिरवीच जाणार.

मी तांबडा आणि हिरवा झोत आरशांवरून वळवून एकावर एक बसवले. नारिंगी आला. थेंबभर निळा घातला, तर गुलाबीकडे झुकला. रंग येईना, तेव्हा आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं: ताकद वाढवली. मुलगी आत दिवा लावलेल्या भोपळ्यासारखी पेटली.

"हॅलोवीनला ठेवू हिला," वॉल्टर म्हणाले आणि सँडविच आणायला बाहेर गेले.

मग मी ताकद उतरवत नेली. आता नुसता मिणमिणता नारिंगी. तेवढ्यात वॉल्टर परतले. दार उघडलं, बाहेरचा पांढरा उजेड मुलीच्या गालाशेजारी पडला, आणि तेवढाच गाल तपकिरी झाला.

"दार लावू नका."

"थंडी येतेय, बाई."

"येऊ द्या."

मी तिन्ही झोत एकत्र करून मुलीभोवती पांढरं, लख्ख वर्तुळ काढलं. चेहऱ्याला हात लावला नाही. तो मंदच राहिला, आणि त्या लखलखाटात आमच्या घरातल्या पोरीसारखा दिसू लागला.

वॉल्टरनी सँडविचचा घास गिळला. "हा डोळ्यांचा भास आहे. मोजून बघ, नारिंगीच भरेल."

"मोजायचं यंत्र तिकीट काढून येत नाही, वॉल्टर. पोरं येतात."

"संचालक मंडळानं हिरवी मंजूर केलीय."

"मग मंडळाला सांगा. नाहीतर शनिवारी इथे तुम्ही बसा."

त्यांनी बोटावरची मोहरी पुसली. पुन्हा वर पाहिलं. "त्या वर्तुळाची कड थरथरतेय," म्हणाले. "तेवढी नीट कर."

मी आधी हिरवी मुलगी यंत्रातून पुसून टाकली. मग कडेकडे वळले.