निरोप्या ढब्बू

"ढब्बू, सांग हिला, ही नुसती खाज नाही म्हणावं," बाबा म्हणाले.

सून नुकतीच चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली होती, खांद्यावरची पर्सही तिने काढली नव्हती. ती खाली वाकली. ढब्बू दाराशी उभा होता, पण उभं राहणं त्याला जमत नव्हतं. मागचे पाय फाकत होते, मान झटके खात होती आणि तोंडातली लाळ छातीवर गळत होती.

"कधीपासून रे असं, ढब्बू?"

"दुपारी झोपून उठलास तेव्हापासून ना रे," बाबांनी त्याच्या वतीने उत्तर दिलं.

त्या घरात सासरे-सून असेच बोलत. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. एकदा बाबा फोनवर त्याला म्हणाले, "तुझी बायको घरी फक्त झोपायला येते," आणि बायको नेमकी मागे उभी. "मला काही सांगायचं असेल तर मलाच सांगत जा," एवढंच ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून कुणी कुणाला काही सांगेनासं झालं. चहा झालाय, गॅस संपलाय, गुडघा दुखतोय, सगळे निरोप कुत्र्यामार्फत. ढब्बू नावापुरताच ढब्बू, अंगाने काटकुळा आणि म्हातारपणी कानाने अधू. पण निरोप्या म्हणून फार चांगला, कारण तो कुणाचीच बाजू घेत नसे.

टॅक्सीत सुनेने त्याला ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतलं. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. हे कशाने झालं असावं, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

ढब्बूच्या मानेवर गोचिडी झाल्या होत्या. "रविवारी औषध घालू हं तुला," असं सून त्याला कितीदा तरी म्हणाली होती आणि रविवार येऊन जात होते. आज ती कामावर गेल्यावर बाबा खालच्या वॉचमनकडे गेले. त्याच्याकडे गोचिडींच्या औषधाची एक ट्यूब उरली होती. "बाबा, माझा कुत्रा एवढा धटिंगण, तरी एका दिवसात साफ झाला," वॉचमन म्हणाला. जोरदार औषध म्हटल्यावर बाबांना आणखी काय हवं होतं? घरी येऊन त्यांनी अख्खी ट्यूब ढब्बूच्या मानेवर पिळली. केस ओलसर लागले, उग्र वासही आला. मोरीत लोळला असेल, असं म्हणून त्यांनी हात धुतले.

उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. घुसाघुशी करणाऱ्यांना ते रोज ओरडत, "आत पाटी आहे, किती वजन चालतं ते वाचा आधी." त्या ट्यूबवरही कुत्र्याचं वजन छापलेलं होतं. चष्मा शोधायचा कंटाळा केला, म्हणून ते त्यांनी वाचलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ढब्बूला टेबलावर घेतलं आणि त्याचे डोळे, हिरड्या पाहिल्या.

"अंगाला काही लावलंय?"

"सकाळी निघायच्या आधी, बाबा झोपेत होते तेव्हा, गोचिडींच्या औषधाने आंघोळ घातली," सून म्हणाली.

बाबांना सकाळचं आठवलं. ओलसर केस. उग्र वास.

"त्याशिवाय आणखी काही? पावडर, पट्टा, मानेवर टाकायचे थेंब? नीट आठवा. त्यावर पुढचं ठरेल."

"नाही हो. काहीच नाही," सून ठामपणे म्हणाली.

आता बाबांनी बोलायलाच हवं होतं. घर मुलाचं, पण चालवायची ती. कुत्र्यावर तिचा जीव, हे घराला ठाऊक. हे ऐकल्यावर ती आपल्याला एक दिवस तरी ठेवून घेईल का? या वयात जायचं कुठे? त्यांना इतकी भीती वाटली की डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, इंजेक्शन भरलं, तरी ते भिंतीला टेकून गप्पच राहिले.

मग ढब्बूचं सगळं अंग ताठ झालं आणि पंजे टेबलावर आपटू लागले. बाबा पुढे झाले, त्याच्या कानाशी वाकले.

"ढब्बू, सांग रे हिला... मीपण टाकलंय म्हणावं. मानेवर. वॉचमनच्या कुत्र्याची ट्यूब. सगळी."

सून त्यांच्याकडे वळली. "बाबा, कधी?"

"तू गेल्यावर लगेच."

"अहो आजोबा, मघाशी का नाही बोललात?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कोमट पाणी, भांड्यांचा साबण घेऊन आल्या. सुनेने डोकं धरलं, बाबांनी मान चोळली, पाणी ओतलं, पुन्हा चोळली. आणखी एक इंजेक्शन झालं. हळूहळू झटके थांबले. बाबांना हायसं वाटलं, पण डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर काही तसं दिसेना. त्या बराच वेळ नळी लावून छाती ऐकत होत्या. मग त्यांनी नळी कानातून काढली.

बाहेर बाकावर दोघं बसली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई आल्या.

"मी आधी बोललो असतो तर वाचला असता?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही. वय झालं होतं, दोन निरनिराळी औषधं, त्यात एक मोठ्या कुत्र्याचं. खरंच सांगता येत नाही."

हो म्हणाल्या असत्या तरी बरं, असं बाबांना वाटलं. त्या आत गेल्या तरी सून उठली नाही.

"आंघोळीच्या पाण्यात मी औषधाची दोन झाकणं जास्त घातली होती," ती म्हणाली. "कमी घालून गोचिडी जात नाहीत, असं वाटलं मला. डॉक्टरांना मी तेही नाही सांगितलं."

तिचे हात साबणाच्या पाण्याने अजून ओले होते. बाबांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"जहाजावरून त्याचा फोन येईल एवढ्यात," ती म्हणाली.

"मी सांगतो. माझ्या हातून झालं."

"नको, बाबा. असं एकट्यावर नका घेऊ."

फोन आला. तिने तो उचलून बाकावर दोघांच्या मधे ठेवला आणि स्पीकर लावला. समुद्रावरून आवाज तुटक येत होता, तरी मुलाचा नेहमीचा पहिला प्रश्न स्वच्छ ऐकू आला.

"काय, आज ढब्बू काय म्हणतोय?"

सून फोन हातात घेऊन सरकून बाबांच्या शेजारी आली.

"आम्ही दोघं बोलतोय," ती फोनवर म्हणाली. "बाबा, सांगा."